सोल या शब्दाचा पाचवा अर्थ

गजा, तुझ्या तेराव्याची खीर पातळ झाली होती. चाळीस वर्षं जहाजावर आचारी म्हणून काढल्यामुळे हे सांगणं मला भागच आहे. बाकी सगळं नीट झालं. माणसं किती आली म्हणून तुझ्या जयगडच्या साडूंनी विचारलं, तर मी पाचशे सांगितली. तू असतास तर चष्मा पुसत "त्रेसष्ट" म्हणाला असतास. त्रेसष्टच होती. तू नाहीस म्हणून मला मोजावी लागली.

रडलो नाही. चाळीस वर्षं रोज गोणीभर कांदे चिरले, डोळ्यांतलं पाणी केव्हाच आटलं. गोणीभर म्हणजे पाच किलो. बघ, माझं मीच दुरुस्त करायला लागलो.

शुभा म्हणाली, "दत्ताकाका, बाबांच्या पुस्तिकेच्या शेवटी तुमची दोन पानं हवीत. आणि कृपा करून तुमची देवमाशाची थाप नको." तुझी मुलगी शोभते. तुझा जन्म, शाळेतली नोकरी, निवृत्ती हे सगळं तिने पहिल्या पानावर छापायला दिलंय, त्यात मी पडत नाही. मला सांगायचंय ते एवढंच, की जन्मभर पोरांच्या वह्यांतल्या चुका शोधणाऱ्या गजानन मास्तरांच्या, सोल या शब्दाच्या अर्थांवरच्या एकुलत्या एका पुस्तिकेत एक अर्थ साफ खोटा आहे, आणि तो मी घुसवलेला आहे. तू गेलास तेव्हा पुस्तिका छापखान्यात होती. आता प्रुफं घरी आली आहेत आणि सोमवारी ती परत द्यायची आहेत.

सुरुवात बरणीपासून झाली, एवढं आपल्या दोघांनाही मान्य होतं. मी जहाजावर जायला निघालो की सुमनवहिनी सोलांची, म्हणजे आमसुलांची, बरणी द्यायच्या. तुमच्या अंगणाबाहेरच्या कातळावर वाळवलेली, घरच्या रातांब्यांची. तू त्या बरणीला कागद चिकटवायचास आणि त्यावर फळ्यावर लिहावीत तशी तीन ठळक रोमन अक्षरं काढायचास: एस, ओ, एल. परदेशातल्या बंदरावर कुणी अडवलंच तर त्याला वाचता यावं म्हणून. वाचता आलं, तिथेच सगळा घोटाळा झाला.

आमच्या त्या जहाजावर पाच देशांची माणसं होती. गावात मी पंधरा सांगत आलो. एकदा इंजिनवर काम करणारा क्रोएशियाचा एक माणूस उकडलेलं अंडं घेऊन स्वयंपाकघरात आला. त्याने फळीवरची बरणी उचलली, झाकण काढलं आणि आतली काळी, ओलसर सालं बघून तसाच उभा राहिला. त्याच्या भाषेत सोल म्हणजे मीठ. "तुमच्या मिठाला काय झालं?" हे त्याने इतक्या हळू विचारलं, की मला वाटलं आता हा मिठाच्या घरच्यांना भेटायला निघेल. नॉर्वेचा अधिकारी तिथेच कॉफी पीत होता. तो म्हणाला, मीठ कसलं, सोल म्हणजे सूर्य, आणि आमच्याकडे हिवाळ्यात दोन दोन महिने तो उगवत नाही, तो या हिंदुस्थानी माणसाने बरणीत भरून आणलाय. पोर्तुगालचा खलाशी म्हणाला, सूर्य तर आहेच, पण तो एक सूरसुद्धा आहे, आपल्या पंचमाच्या जागचा, आणि त्याने तो लावून दाखवला. फ्रेंच इंजिनियरने शांतपणे सांगितलं, की सोल म्हणजे पायाखालची जमीन. मग बरणीत बघून विचारलं, "तुम्ही ती मुरवता?"

घरी पोचेपर्यंत या गोष्टीत मी सुरे काढले होते, कॅप्टनला मध्यस्थीला आणलं होतं आणि भांडण मिटेपर्यंत जहाजाला जिब्राल्टरभोवती तीन प्रदक्षिणा घालायला लावल्या होत्या. तुझ्या पडवीत सगळे पोट धरून हसले. तू हसला नाहीस.

"बरणी वरच्या फळीवर होती की खालच्या?" तू विचारलंस.

"खालच्या."

"मग त्या माणसाला ती आधी कशी दिसली नाही? निघून दोन महिने झाले होते म्हणतोस."

"मेल्या, गोष्ट ऐक ना."

"ऐकतोय. म्हणून तर विचारतोय."

वहिनी आतून म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही सांगा हो. यांना पेपर तपासायची खोड आहे."

हे तेव्हा बोललो नाही, आता बोलतो. रत्नागिरीच्या बाजारापासून खेडच्या एसटी स्टँडपर्यंत माझ्या थापा ऐकायला माणसं गाडी चुकवायची. बिस्केच्या उपसागरात लाट एवढी उंच होती की वर चढताना चहाचं आधण ठेवलं आणि खाली उतरेपर्यंत त्याला उकळी आली, हे मी शंभर जणांना सांगितलं. शंभर जण हसले आणि विसरले. तू एकटाच दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात आलास आणि विचारलंस, शेगडीवरून पातेलं घसरलं कसं नाही? ते पातेलं कसं बांधून ठेवतात हे मी तुला सांगितलं, आणि तेवढं खरं होतं. माझ्या गोष्टींत काही खरंही असतं, हे शोधायचे कष्ट दुसऱ्या कुणी घेतले नाहीत.

तुझी तपासायची पद्धत वहिनींकडून घेतलेली होती, हे तू पुस्तिकेत कुठेच लिहिलं नाहीस. ते आता मी लिहितो. सोलं एकदा वाळवून होत नाहीत. सालं रातांब्याच्या मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात टाकायची, संध्याकाळी पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात. प्रत्येक खेपेला एक पुट. वहिनी म्हणायच्या, पहिल्या पुटाला सगळीच लाल दिसतात, कुठलं साल रंग धरतं ते पुढच्या पुटांना कळतं. तू तेच माझ्यावर सुरू केलंस. मी सांगितलेला अर्थ वहीत टिपायचा, आणि पुढच्या वर्षी सोलांच्या दिवसांत, मी सुट्टीवर आलो की, सहज विचारल्यासारखं करून तोच किस्सा पुन्हा सांगायला लावायचा. मग आणखी एक वर्ष थांबायचं. तीन वेळा किस्सा तोच निघाला तर खरा, देवमासा मोठा होत गेला तर लाल शाईत "थाप". तीन पुटांतून पार पडलेला शब्द मगच तू शब्दकोशांत शोधायला घ्यायचास. माझे किती शब्द लाल शाईत गेले ते मी इथे सांगणार नाही, कारण आकडा मी सांगितला तर कुणी खरा धरणार नाही.

आणि काय काय शोधून काढलंस रे. लॅटिनमधला सूर्य सोल, तो स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये जसाच्या तसा उतरला. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्कचा सूर्यही सोलच, पण तो लॅटिनकडून घेतलेला नाही, तो लॅटिनचा चुलतभाऊ, आणि आपला सूर्य हासुद्धा त्याच भावकीतला. फ्रेंचांची जमीन आली सोलुम या दुसऱ्याच लॅटिन शब्दावरून. त्याचा अर्थ तळ, पाया. क्रोएशिया आणि स्लोव्हेनियातलं मीठ स्लाव घराण्यातलं, त्याचं नातं इंग्रजांच्या सॉल्टशी, सूर्याशी काही नाही. सूर म्हणजे तर चर्चमधल्या जुन्या लॅटिन स्तोत्रातल्या एका ओळीचं पहिलं अक्षर, बस. आणि आपलं सोल सोलण्यावरून. त्याचा युरोपशी संबंध माझ्या बरणीपुरता.

इथे आपलं भांडण होतं आणि ते तसंच राहिलं. मी म्हणायचो, सगळं एकच आहे. मूळचा शब्द एकच असणार. ऊन लागतं, जमीन लागते, मीठ लागतं, तेव्हा कुठे सोलं होतात, मग हे चार देशांना आधीच ठाऊक होतं म्हण. तू चिडायचास. "दत्ता, शाळेच्या पटांगणात चार पोरं एकाच गणवेशात उभी असली म्हणून ती एका आईची होत नाहीत. शाळा सुटल्यावर कुठलं पोर कुठल्या वाटेने घरी जातं, ते बघावं लागतं." मी म्हणायचो, एखाद्या आईची दोन असतीलही. तू म्हणायचास, "दोन आहेतच, ते दोन्ही सूर्य. बाकीच्यांना उगाच सख्खे करू नकोस." माझं अजूनही म्हणणं आहे की तू फार लवकर शाळा सोडतोस. पण ते जाऊ दे.

आता पाचव्या अर्थाकडे येतो. त्याच्याभोवती मी बराच वेळ घिरट्या घालतोय, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

वहिनी गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे आलो होतो. तू पडवीत खांबाला टेकून बसला होतास. वहिनी रातांबे फोडायला ज्या पाटावर बसायच्या तो भिंतीशी होता, आणि तू त्याच्याकडे बघत होतास. लोक येत होते, हात जोडून जात होते. मी बराच वेळ गप्प बसलो, म्हणजे माझ्या हिशेबाने पाच मिनिटं. मग मी म्हटलं, "नॉर्वेच्याही वर, नकाशात माशी बसून गेल्यासारखी काही बेटं आहेत. तिथे सोल म्हणजे, माणूस उठून गेल्यावर त्याच्या बसल्या जागी राहिलेली ऊब. तिला ते सोल म्हणतात."

हे कुठून आलं मला माहीत नाही. जहाजावर असलं काही कुणी बोललं नव्हतं. तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, जशा बाकीच्या थापा पडायच्या.

पुढच्या वर्षी सोलांच्या दिवसांत तू मला तेच विचारलंस. सोलं त्या वर्षी शेजारच्या बायांनी घातली होती. मी अक्षरही न बदलता तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच. माझी एवढी हयात गेली, पण न फुगवता सांगितलेली ती एकच गोष्ट. तिला हात लावायचा धीर झाला नाही. आणि त्यामुळेच, गजा, ती तुझ्या तिन्ही पुटांतून पार पडली. मी सांगितलेल्या खऱ्या गोष्टी तिथे नापास झाल्या आणि ही पहिल्या नंबराने पास.

मग तू तिचा उगम शोधायला लागलास. तुझी शेवटची दोन वर्षं त्यात गेली. भिंग घेऊन नकाशावर बसायचास. शुभाला तिकडच्या विद्यापीठांना ई-मेल पाठवायला लावायचास. उत्तरं यायची, सभ्य असायची. असा अर्थ आमच्या पाहण्यात नाही, तरी बेटाचं नाव कळवल्यास पुन्हा पाहू. तू मला विचारायचास, "दत्ता, बेटाचं नाव आठव ना." मी म्हणायचो, थंडीने डोकं गोठलं होतं रे. एकदा तू म्हणालास, "भाषा छोटी असणार. मरायला टेकलेली असेल. कुणीतरी नोंद करायला हवी." तेव्हा मी पाणी प्यायला आत गेलो आणि मागच्या दाराने घरी निघून आलो.

आणि दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू काय सांगितलंस? ना घराचं, ना बागेचं. "नाव आठवलं तर शुभाला सांग. रकाना रिकामा राहिलाय." त्या वेळी खरं सांगता आलं असतं. खोलीत आपण दोघेच होतो. मी म्हटलं, आठवतो. ही माझी तुला मारलेली शेवटची थाप.

प्रुफं आली त्या दिवशी मी ती बघितली. सूर्य, जमीन, मीठ, सूर. प्रत्येकापुढे भाषा, प्रत्येकापुढे उगम, कोशाचं नाव, पान. पाचव्यापुढे अर्थ आहे, भाषेच्या जागी प्रश्नचिन्ह आहे आणि उगमाच्या जागी कोरं. तुझ्या शाळेतली मुलं, त्यांची मुलं, वाचनालयातली मंडळी हे वाचणार. कुणीतरी शोधणार, त्याला सापडणार नाही, आणि तो म्हणणार, मास्तरांनी ठोकून दिलंय. मला जन्मभर म्हणतात तेच तुला म्हणणार.

म्हणून मी शुभाकडे गेलो. ती चहा गाळत होती.

"शुभा, पाचवा अर्थ काढून टाक. तो मी रचलेला आहे."

"कुठला? उबेचा?" तिने गाळणं खाली ठेवलं. "काका, अख्ख्या पुस्तिकेत मला तो एकच पाठ झालाय."

"तरी खोटा आहे."

"बाबा म्हणायचे, दत्ता शपथेवर बोलायला लागला की दोन पावलं मागे सरावं."

"मी शपथ घेतलेली नाही."

"घेणार होतात." ती आत जाऊन तुझी वही घेऊन आली, पान काढलं आणि माझ्यापुढे धरलं. तिन्ही पुटांपुढे तुझी हिरवी खूण. "हे बघा. तीन वर्षं तीनदा विचारलंय आणि तुम्ही तीनदा तेच सांगितलंय. बाबांच्या नियमाने ते खरं झालं. खोटं आहे हे तुम्ही आज पहिल्यांदा सांगताय. हे पहिलंच पुट."

"मग काय करू?"

"अजून दोनदा या," ती म्हणाली आणि मला चहा दिला.

तिने चेष्टा केली की नाही, ते मला कळलं नाही. तुझंही कधी कळायचं नाही. वर्षभर थांबायला वेळ नव्हता, सोमवार जवळ आला होता. मी दुसऱ्या दिवशी गेलो. वाटेत, सवयीने, त्या तिसऱ्या दिवसाच्या गोष्टीत थोडी वीज कडकडवली होती आणि एक कुत्रं रडवलं होतं. तुझ्या अंगणाच्या दगडी गडग्यापाशी थांबून दोन्ही काढून टाकलं आणि आत जाऊन काल सांगितलं तेवढंच सांगितलं. शुभा कपड्यांच्या घड्या घालत होती.

"पाऊस होता का हो त्या दिवशी?" तिने मान वर न करता विचारलं.

"नाही. मळभ होतं."

"हं," ती म्हणाली. तुझं "हं".

तिसऱ्या दिवशी ती पडवीतच बसली होती. वही मांडीवर, प्रुफं बाजूला, हातात पेन्सिल. मी तिसऱ्यांदा सांगितलं. खरं सांगू, कुठल्याही वादळात मी एवढा थकलो नव्हतो. एक गोष्ट तीनदा तेवढीच सांगणं हे आचाऱ्याचं काम नव्हे, मास्तराचं आहे. माझं सांगून झाल्यावर तिने वहीचं पान उलटलं. मग तिने सुरू केलं, तू करायचास तसंच.

"तुम्ही कुठे बसला होतात?"

"पायरीवर."

"हातात काय होतं?"

"ताट."

"कुणाचं?"

"तुझ्या बाबांचं. मी घरून करून आणलं होतं. मऊ भात आणि मुगाची आमटी."

तिने पेन्सिल थांबवली. "हे मागच्या दोन्ही वेळा नव्हतं."

"तू विचारलं नव्हतंस."

"बाबांनीही नव्हतं विचारलं?"

"ते समोर होते. त्यांना ठाऊक होतं."

"का सांगितलंत त्यांना ते?"

हे मला अजून कुणी विचारलेलं नव्हतं. तूसुद्धा नाही, गजा. बरणी कुठल्या फळीवर होती ते विचारलंस, बेटाचं नाव विचारलंस, पण सांगितलं का, ते नाही. मी म्हटलं, "जेवत नव्हता म्हणून. वहिनी गेल्यापासून काही पोटात गेलं नव्हतं. सगळ्यांनी सांगून बघितलं. मला सांगता येत नाही, मला थापा मारता येतात. मी ते बोललो तसा तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. म्हणाला, 'कुठल्या भाषेत?' आणि ताट पुढे ओढलं."

"जेवले?"

"भात परत मागून घेतला. सगळा वेळ व्याकरण विचारत होता."

शुभाने वही मिटून बाजूला ठेवली. मला वाटलं आता ओळ खोडणार. तिने प्रुफाचं पान ओढलं, कोऱ्या रकान्यात बारीक अक्षरात लिहायला लागली आणि लिहून झाल्यावर मला मोठ्याने वाचून दाखवलं. तेच तुला वाचून दाखवतो, कारण छापून येईल ते हेच:

"सोल. माणूस उठून गेल्यावर त्याच्या बसल्या जागी राहिलेली ऊब. भाषा: कुठलीही नाही. उगम: गजानन मास्तरांची पडवी. मास्तर तीन दिवस जेवले नव्हते, म्हणून त्यांच्या मित्राने हा अर्थ तयार केला."

मग तिने पेन्सिलीचं टोक "तीन" वर टेकवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"अडीच," मी म्हटलं. "अडीच लिही."